गोठ्यातलं डिपॉझिट

"नवीन भाडेकरू येऊ दे. त्याचं डिपॉझिट आलं की तुझं तुला," नाना गराडे म्हणाले.

ते बोलत होते कौसल्येशी, पण बघत होते बैलाकडे. बैलाचं नाव पायलट. पांढराशुभ्र खिल्लार, अंगावर माशी बसली तरी घसरून पडेल अशी तुकतुकीत कातडी. एक गडी त्याला कणकेच्या गोळ्यात अंडी घालून भरवत होता आणि नाना स्वतः त्याच्या खुरांना तेल लावत होते. दोन दिवसांवर गावची यात्रा होती आणि घाटात, म्हणजे गावाबाहेरच्या चढाच्या धावपट्टीवर, बैलगाड्यांची शर्यत.

"नवीन भाडेकरू कधी येणार?" मी विचारलं.

"यात्रा झाल्यावर बघू. आता आठ-दहा दिवस ती खोली पाहुण्यांना लागणार. लांबलांबचे गाडामालक येणारेत, इंदूताई. त्यांना काय तुमच्या गिरणीत झोपवू?"

"मग पाहुण्यांकडून घ्या डिपॉझिट."

नाना हसले. हसायला त्यांना पैसे पडत नसत, त्यामुळे ते सढळ हसत.

कौसल्या हसली नाही. ती पंचविशीतली पोरगी, हिंगोलीकडची. आई आणि शाळकरी बहीण, दोघींचा भार तिच्यावर. आमच्या एमआयडीसीत ती रबरी वायसर पॅक करायची. ती कंपनीच चाकणला हलली होती. सोमवारी पहिली पाळी, सकाळी सहाला. त्या वेळेला आमच्याकडून चाकणला जाणारी एसटी नव्हती आणि कंपनीची गाडी आमच्या बाजूला येणार नव्हती. तिकडे तिने खोली बघून ठेवलेली. मालकाने शनिवार संध्याकाळपर्यंत वाट बघतो म्हणून सांगितलं होतं. त्यानंतर दुसरं कुटुंब तयार होतं.

"नाना, मी महिना आधी सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही हो म्हणालात."

"आताही हो म्हणतोय की. नाही कुठं म्हणतोय?"

"पण शनिवारच्या आत पायजेत."

"करारात तसं लिहिलंय का?"

"करार दोन वर्षांपूर्वीच संपला," मी म्हटलं. "नवा तुम्ही केला नाहीत."

"स्टँप पेपरला पैसे पडतात, ताई. विश्वासावर चाललंय सगळं." नाना उठले, हात पुसले. "कागदच नाही, तर मुदत कसली आणि नोटीस कसली? आणि रंगाचे दोन हजार कापणार मी. तुमच्या गिरणीतलं पीठ आणि माझ्याकडचं डिपॉझिट सारखंच. एकदा दळलं की त्याचे परत दाणे होत नाहीत. चहा घेणार?"

चहा घेतला. फुकटचा चहा मी कधी सोडत नाही, आणि कप हातात असला की माणूस पाच मिनिटं जास्त बसू शकतो. त्या पाच मिनिटांत मी बैल नीट बघून घेतला.

आता आमचं डिपॉझिट म्हणजे काय, ते सांगते. गावची शेतं एमआयडीसीत गेल्यावर गावकऱ्यांनी उरलेल्या तुकड्यांवर खोल्या काढल्या. नानांनी दहा काढल्या. भाडं दीड हजार, डिपॉझिट पंधरा हजार. बाहेरून आलेल्या माणसाला भाडं एकवेळ जमतं, पण पंधरा हजार एकदम कुठून आणायचे? ते द्यायला एक सावकार बसलेला असायचा, शेकडा दहाने. दर महिन्याला. माणूस खोलीत राहायला यायचा तोच कर्जात.

माझी पिठाची गिरणी कोपऱ्यावर. नवरा गेल्यावर मीच चालवत होते. गिरणीत बसलं की माणूस डब्यावरून कळतो. पंचवीस तारखेनंतर डबे लहान होतात, गव्हात ज्वारी मिसळायला लागते. सावकाराकडून डिपॉझिट घेतलेल्यांचे डबे दहा तारखेलाच लहान व्हायचे. तेव्हा मी वीसेक बायकांची भिशी काढली. दरमहा दोनशे. आमच्या भिशीत फ्रीज नाही, लग्न नाही, सोनं नाही. पैसे फक्त खोलीच्या डिपॉझिटला. घेणारीने जमेल तसे हप्त्याने फेडायचे, आणि खोली सोडली की डिपॉझिट मालकाकडून भिशीत परत. बिनव्याजी. हिशेब सरळ होता, आणि म्हणूनच मी त्यात एक गोष्ट विसरले होते. नानांच्या दहातल्या आठ खोल्यांत आमच्याच बायका होत्या. म्हणजे आमचे एक लाख वीस हजार एकाच माणसाच्या हातात. भिशीच्या डब्यात तेव्हा जेमतेम हजारभर. कौसल्येचं इकडून सुटल्याशिवाय तिला तिकडे भरायला माझ्याकडे काही नव्हतं.

आणि पायलट नानांनी सव्वा लाखाला आणला होता. गावात सगळ्यांना ती किंमत पाठ होती, कारण नानांनीच ती सगळ्यांना सांगितली होती.

"आपलं डिपॉझिट तिकडं उभं होतं," परत येताना मी कौसल्येला म्हटलं. "अंडी खात होतं."

तिला कळायला क्षणभर लागला. मग ती म्हणाली, "मग त्याला दोन हजाराचा रंग कशाला, मावशी? पांढरंच हाय की."

तेव्हा मला ती पोरगी पहिल्यांदा आवडली.

तो गुरुवार होता. गुरुवारी आमच्याकडे वीज बंद असते, म्हणून गिरणीही बंद. दुपारी आठही जणी गिरणीत जमल्या. कुणी पोत्यावर, कुणी डब्यावर बसल्या. यमुनाबाई दारात बसली, कारण तिची भाजीची पाटी बाहेर होती आणि गाईंवर तिचा विश्वास नव्हता. यमुनाबाई चार नंबरच्या खोलीत राहायची. दारोदार भाजी विकायची, आवाज असा की दुसऱ्या मजल्यावरच्या बाईलाही कोथिंबीर आठवावी.

मी हिशेब मांडला. "नानांकडे पैसे नाहीत. एक भाडेकरू गेला की दुसऱ्याच्या डिपॉझिटमधून पहिल्याचं देतात. एकेक जण मागेल तोवर त्यांचं चालतंय. आठही जणींनी एकदम मागितलं, तर?"

"तर काय?" यमुनाबाई म्हणाली.

"तर त्यांना गोठ्यात बघावं लागेल. उद्या त्यांच्या मांडवात पाहुणे बसलेले असतील. आपण किल्ल्या घेऊन जायचं. आठ किल्ल्या, एक लाख वीस हजार. एवढं ऐकलं की कौसल्येचे पंधरा ते कुठूनही काढतील."

"आणि म्हणाले, ठेवा किल्ल्या आणि चालू पडा, तर?"

कुणी काही बोललं नाही. बाहेर गाईने पाटीला तोंड लावलं. यमुनाबाईने न बघताच तिला हाकललं.

"तुझी गणितं बरोबर असतात, इंदू," ती म्हणाली. "पण तुझी गिरणी तुझी आहे. मागची खोली तुझी आहे. किल्ली द्यायची ती आम्ही."

"म्हणून तर सांगत नाहीये. विचारतेय."

ती बराच वेळ मेथीच्या काड्या मोडत बसली. मग म्हणाली, "तो माणूस बैलाचे दात बघून वय सांगतो. बायका नाटक करतायत हे त्याला दहा पावलांवरून कळेल. द्यायची तर खरी किल्ली द्यायची. खोली रिकामी करून."

"खरंच सामान काढायचं?" कुणीतरी विचारलं.

"भांडी, गाद्या, शेगडी, देव. सगळं."

मला ते पटलं. सोंग वठवायचं तर नीट वठवावं, असं मला वाटलं. बाई हुशार आहे, मी मनात म्हटलं.

"नवऱ्यांना काय सांगायचं?" दुसरीने विचारलं.

"सामान बांधून झाल्यावर सांगा," यमुनाबाई म्हणाली. "आधी सांगितलं तर त्यांची मतं ऐकावी लागतात."

शुक्रवारी सकाळी पाळीचे लोक कामावर गेल्यावर आमची वरात निघाली. दोन हातगाड्या, एक टेम्पो. टेम्पोवाल्याला मी अर्धं भाडं आधी दिलं, अर्धं राखून ठेवलं. गाद्या, पत्र्याच्या ट्रंका, पाण्याचे पिंप, एक शिवणयंत्र. कौसल्येची आई पुढे बसली होती, मांडीवर देवाचा डबा घेऊन, लग्नाला निघाल्यासारखी.

नानांच्या अंगणात मांडव पडला होता. पाच-सहा गाडामालक फेटे बांधून खुर्च्यांवर बसलेले. त्यांत मंचरकडचे बापू शेवाळे होते, बैलांचे मोठे शौकीन. गेलं वर्षभर ते पायलट मागत होते आणि नाना गेलं वर्षभर मिशीवर हात फिरवत नाही म्हणत होते.

"आं? कुणाची वरात?" नाना म्हणाले.

"तुमच्या भाडेकरूंची," मी म्हटलं. "किल्ल्या द्यायला आलोय."

मांडवात एक टेबल होतं. त्यावर फेटे, पानाचं तबक. एकेक जण पुढे आली आणि तबकाशेजारी किल्ली ठेवत गेली. यमुनाबाईने कुलूपही ठेवलं. "कुलूप माझं होतं, पण असू दे. तुमच्या पाहुण्यांच्या उपयोगी येईल."

नानांनी किल्ल्यांकडे पाहिलं, हातगाड्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. दात बघतात तसंच.

"बरं," ते म्हणाले. "ठेवल्यात ना? मग निघा आता. पाहुणे आहेत."

"डिपॉझिट?"

"यात्रेनंतर."

"नाना, खोलीत येताना तुम्ही एका हाताने पैसे घेतलेत आणि दुसऱ्या हाताने किल्ली दिलीत. पैसे मोजून होईस्तोवर किल्ली खिशातच होती तुमच्या. आता किल्ली तुमच्याकडे आली."

"महिनाभर आधी सांगायला पाहिजे होतं. सगळ्यांनी."

"कागदच नाही, तर मुदत कसली आणि नोटीस कसली?" मी म्हटलं.

शेवाळे बापूंनी पान थुंकायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

"हे तुम्ही पाहुण्यांसमोर..." नाना खालच्या आवाजात म्हणाले.

"तुम्हाला एकट्याला भेटलो होतो काल. तुम्ही चहा पाजलात."

नानांनी हात झटकला आणि पाहुण्यांकडे वळले. "बसू द्या. ऊन लागलं की उठतील."

आम्ही बसलो. मांडवात नाही, गोठ्याला लागून लिंबाच्या सावलीत. गाद्या अंथरल्या, शेगडी पेटवली. यमुनाबाईने विचार केला, सकाळची फेरी बुडाली आहे तर भाजी इथेच विकावी. तिने तोंडाशी हात नेला.

"मेऽऽथी! शेऽऽपू! कोथिंबीऽऽर!"

पायलटने मान वर केली. कणकेचा गोळा त्याच्या तोंडातून खाली पडला.

"ए बाई!" नाना धावत आले. "हळू! उद्या पळायचंय त्याला!"

"मलाबी रोजच पळायचं असतं, नाना. मला कोण अंडी चारतं?" आणि परत, "पाऽऽलक!"

पायलटने मागचा पाय आपटला. गडी त्याच्या मानेला थोपटू लागला. एका पाहुण्याने खरोखरच येऊन दोन जुड्या मेथी घेतली; यमुनाबाईने त्याच्याकडून आठ आणेही सोडले नाहीत.

ऊन चढलं. आम्ही पिठलं केलं. गोठ्याच्या मागच्या दाराने नानांच्या मंडळी, सगुणावहिनी, पाण्याची कळशी घेऊन आल्या. कळशी ठेवली आणि परत गेल्याच नाहीत. पदराने वारा घेत उभ्या राहिल्या.

"वहिनी, आत जा," नाना तिकडून म्हणाले. बायकोला चारचौघांत वहिनी म्हणायची वेळ आली, म्हणजे माणूस बराच गोंधळला होता.

वहिनी मला म्हणाल्या, "ताई, तुमचे किती म्हणालात?"

"एक लाख वीस."

"माझ्या पाटल्या पण आहेत त्या बैलात. सोसायटीत गहाण." त्या गादीच्या कडेला टेकल्या. "माझं पण नाव लावता येईल का?"

हे मांडवात ऐकू गेलं. ऐकू जावं असंच त्या बोलल्या होत्या.

त्यानंतर मांडवातली कुजबुज वाढली. यजमानाच्या दारात बायका सामान मांडून बसलेल्या असताना पाहुण्यांना जेवण गोड कसं लागणार? एक म्हातारे गाडामालक उठून म्हणालेच, "नाना, बायामाणसांचे पैसे देऊन टाका. मग बसू जेवायला." नाना आत गेले, बाहेर आले, परत आत गेले. शेवटी कुणाकडून दोन, कुणाकडून तीन असे उसने गोळा करून त्यांनी पंधरा हजार आणून कौसल्येच्या पुढ्यात टाकले. रंगाचे कापले नव्हते.

"मोज," ते म्हणाले. "झालं समाधान?"

कौसल्येने मोजले. मी मोजले. बरोबर होते.

नानांनी टेबलावरच्या बाकीच्या किल्ल्या मुठीत घेतल्या आणि आमच्यासमोर जमिनीवर फेकल्या. "तिचं झालं. आता उचला आपापल्या किल्ल्या आणि जा खोल्यांवर. तमाशा पुरे."

मला वाटलं, संपलं. जे हवं होतं ते मिळालं. शनिवारच्या आत मिळालं. मी पदर खोचला, उठले, टेम्पोवाल्याला हाक मारायला तोंड उघडलं.

कुणीच किल्ली उचलली नाही.

"यमुनाबाई," मी हळूच म्हटलं, "झालं की आपलं काम."

"तुझं झालं असेल."

"अगं, कौसल्येसाठी आलो होतो ना आपण?"

"तू कौसल्येसाठी आलीस. मी चार नंबर खोलीसाठी आले." तिने पायाने एक किल्ली नानांकडे सरकवली. "मी म्हणाले होते ना, द्यायची तर खरी द्यायची? मी खरी दिलीय. माझे पंधरा हजार, नाना."

"माझे पण," शिवणयंत्राजवळून आवाज आला.

"माझे पण."

मी बघत राहिले. काल गिरणीत त्या गप्प बसल्या होत्या, ती भीती आहे असं मी धरून चालले होते. त्या गप्प बसून सामान कशात बांधायचं याचा विचार करत होत्या. त्यांच्यातली एकही जण परत जायला आली नव्हती. ज्या माणसाने कौसल्येला तसं वागवलं, तो एक दिवस आपल्यालाही तसंच वागवणार, हे त्यांनी माझ्या आधी मांडलं होतं. त्यासाठी त्यांना वही लागली नव्हती.

"कुठं जाणार?" नाना म्हणाले. आवाजात धमकी नव्हती, खरंच कुतूहल होतं. "सात घरं. कुठं जाणार तुम्ही?"

"ते आमचं आम्ही बघू," यमुनाबाई म्हणाली. "सात पंधरे किती, इंदू?"

"एक लाख पाच हजार," मी म्हटलं, आणि पदर सोडून परत खाली बसले.

बैलाचा सौदा चारचौघांत होत नाही. उपरण्याखाली हात घालायचे, बोटं दाबायची आणि किंमत दोघांतच ठेवायची. पण त्या दिवशी किंमत सगळ्या मांडवाला आधीच माहीत होती. शेवाळे बापूंनी उपरणं खांद्यावरून काढलंसुद्धा नाही.

"एक पाच," ते म्हणाले. "रोख. आत्ता."

"बापू, सव्वाला आणलाय मी! आणि वर्षभर खाऊ घातलाय!"

"वर्षभर मी मागत होतो तेव्हा दीड बोललो होतो. तुम्ही मिशीवर हात फिरवलात."

नाना पायलटकडे गेले. त्याच्या कपाळावर हात ठेवून उभे राहिले. मी हिशेबी बाई असले तरी एवढं सांगते, ते बघायला बरं वाटलं नाही. माणूस वाईट नव्हता. फक्त आपल्या हातात आलेला पैसा आपलाच असतो, असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं. ज्यांच्या खोल्या असतात त्यांना असं वाटायला लागतं, आणि ज्यांच्या पतपेढ्या असतात त्यांना तर फारच.

"उद्याची शर्यत?" त्यांनी विचारलं.

"पळेल की," बापू म्हणाले. "माझ्या गाड्याला."

नानांनी दावं सोडलं आणि ते स्वतःकडे ठेवलं. दावं विकत नाहीत. बापूंच्या माणसाने नवं दावं आणलं. मग खुर्चीवर नोटांची बंडलं आली आणि मी मोजायला बसले. सात ढीग लावले. एकेकीला नावाने हाक मारली, तिच्या हातात दिले, तिने मोजले, मग मला परत दिले, कारण ते भिशीचे होते. नाना म्हणाले, "परत तिलाच द्यायचे होते तर एवढं कशाला फिरवता?"

"फिरले पाहिजेत, नाना," मी म्हटलं. "एका जागी उभे राहिले की खात सुटतात."

कौसल्या त्याच टेम्पोने चाकणला गेली. रडली वगैरे नाही. म्हणाली, "मावशी, हप्ता दहा तारखेला पाठवते." मला अशी माणसं आवडतात. तिचा हप्ता शेवटपर्यंत दहा तारखेला येत राहिला.

यात्रेत पायलट पहिला आला की नाही, हे मी मुद्दाम कुणाला विचारलं नाही.

बाकीच्या सात घरांचे मात्र हाल झाले, ते लपवण्यात अर्थ नाही. आसपासच्या मालकांमध्ये बातमी आमच्या आधी पोचली होती. डब्यात एक लाख पाच हजार आणि एक मालक खोली द्यायला तयार नाही. "डिपॉझिट परत मागणाऱ्या बायका ना तुम्ही?" एकाने विचारलंच. जणू आम्ही दरोडेखोर. शेवटी एका रिटायर्ड सुभेदाराने नव्या बांधकामातल्या खोल्या अर्ध्या भाड्याने दिल्या. भिंती होत्या, छप्पर होतं, दारं-खिडक्या अजून लागायच्या होत्या. बायकांनी दारांना साड्या बांधल्या. नवऱ्यांनी आठवडाभर मला शिव्या घातल्या. मग त्यांना हवा बरी लागायला लागली आणि ते गप्प झाले.

यमुनाबाई एकदाही मला म्हणाली नाही की तुझ्यामुळे. मी एकदा विचारलं, "पस्तावतेस का?"

"दार नाही म्हणून?" ती म्हणाली. "दार होतं तेव्हा त्याची किल्ली कुणाची होती?"

नानांच्या खोल्या रिकाम्या राहिल्या. पाहुणे गेले. दोन कंपन्या चाकणला हलल्याने नवी माणसं कमीच येत होती. जी येत ती दळण घेऊन माझ्याकडे येत आणि विचारत, कुठं खोली आहे का, मालक कसा आहे. मी कुणाबद्दल वाईट बोलत नाही. विचारलं तर जे झालं ते सांगत होते, एवढंच.

मे महिन्याच्या शेवटी नाना स्वतः गिरणीत आले. हातात गव्हाचा डबा. गराड्यांच्या घरचं दळण गड्याकडून यायचं. मालक डबा घेऊन आला की समजावं, गहू हे निमित्त आहे.

यमुनाबाई दारात बसलेली होती.

"खोल्या रिकाम्या आहेत," नाना गव्हाकडे बघत म्हणाले.

"ऐकलं," मी म्हटलं.

"तुमच्या बायका परत येणार असतील तर... डिपॉझिट कमी करतो. दहा."

मी गहू चाळणीत ओतला. बोलायचं काम माझं नव्हतं.

"एका महिन्याचं भाडं," यमुनाबाई म्हणाली. "दीड हजार. आणि ते तुमच्याकडे नाही. पोस्टात, दोन सह्यांनी निघेल असं. एक सही तुमची, एक भिशीची."

"पोस्टात? माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमचा आमच्यावर नाही, म्हणून तर डिपॉझिट घेता. आम्ही कधी वाईट वाटून घेतलं? आणि अजून एक. तुम्ही पण दीड हजार ठेवायचे. त्याच खात्यात."

नानांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "मी? मी कशाचं ठेवायचं? खोल्या माझ्या आहेत!"

"भाडेकरूने नळ मोडला तर कापून घेता ना? तसंच. संडास तुंबला आणि तुम्ही चार दिवस आला नाहीत तर त्यातून आम्ही काढून घेऊ. छप्पर गळलं तर त्यातून पत्रा आणू. नीट वागलात तर सगळे परत."

"मालकाने डिपॉझिट ठेवायचं," नाना स्वतःशीच म्हणाले. "असं कुठं असतं?"

"आता इथं असेल."

मी गिरणी सुरू केली. पट्ट्याचा आवाज असा असतो की दोन माणसांना एकमेकांकडे बघत बसण्यापलीकडे काही करता येत नाही. गहू संपेपर्यंत ते दोघं तसेच बसून राहिले. गिरणी बंद केली तेव्हा नाना म्हणाले, "हजार."

"दीड," यमुनाबाई म्हणाली.

नानांनी दीड हजार काढले. माझ्या हातात देऊ लागले. मी दळणाचे पैसे वेगळे मागितले.

एक तारखेला सात घरं परत गेली. हातगाड्या तेवढ्याच होत्या, टेम्पो मात्र लागला नाही. नवऱ्यांनी या खेपेला सामान आपणहून उचललं. मी मागून गेले, पोस्टाचं पुस्तक सगळ्यांना दाखवायला.

अकरा-अकरा महिन्यांच्या कराराने खोल्यांत राहणारी माणसं भिंतीला खिळा मारत नाहीत. मालकाला खिळा दिसला की तो भोकाचे पैसे कापतो, म्हणून फोटो ट्रंकेत राहतात, कपडे दोरीवर, कॅलेंडर दाराच्या कडीला. यमुनाबाई खोलीत शिरली. शेगडी मांडण्याआधी, देव ठेवण्याआधी तिने माझ्याकडे हात पुढे केला.

"हातोडी आणलीस का?"

"मी कशाला हातोडी आणू?"

मग तिने वरवंटा घेतला. बोटभर लांबीचा खिळा दातात धरला होता, तो काढून भिंतीच्या बरोबर मध्यावर टेकवला आणि ठोकला. सिमेंटचा तुकडा उडून माझ्या पायाशी पडला. तिने दुसरा खिळा काढला. शेजारच्या खोलीत ठोकाठोक सुरू झाली, मग पलीकडच्या. थोड्या वेळाने सातही खोल्यांतून आवाज येत होता, आणि नाना आपल्या ओट्यावर बसून तो ऐकत होते.